दादाचे जंतू, मुंगीची कंपनी

बावीस वर्षं मी काच धुतली. काचच लिही, भांडी नको लिहूस. भांडी घरात असतात. तिकडे फ्लास्क असायचे, नळ्या असायच्या, मोजमापाचे उंच पेले असायचे, आणि ते सगळं दिवसभर ट्रॉलीवरून खडखडत माझ्या खोलीत यायचं. संस्थेच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेला लागून माझी धुण्याची खोली. एक लांबलचक बेसिन, वर दोन नळ, कोपऱ्यात गरम पाण्याची जुनी लोखंडी टाकी, आणि भिंतीवर एक कागद. काच कशी धुवायची ते त्यावर लिहिलेलं होतं. मला वाचता येत नाही, पण पहिल्या दिवशी एकानं वाचून दाखवलं होतं आणि माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. साबण, मग तीनदा नळाचं पाणी, आणि शेवटी दोनदा डिस्टिलचं पाणी. डिस्टिलचं म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं, ज्यात काही म्हणजे काही नसतं असं.

तू आता तसल्याच ठिकाणी पीएचडीला चाललास, म्हणून तुला मुंगीची गोष्ट सांगते. उतरवून घे आणि जवळ ठेव.

ती सगळी शिकलेली पोरं मला मावशी म्हणायची. मला त्यांची नावं पाठ नसायची, पण कोण कसा आहे ते मला त्याच्या उष्ट्या फ्लास्कवरून कळायचं. कुणी तळाशी चिकट थर वाळवून तस्साच ढकलून द्यायचा, त्याच्या बायकोची मला आधीच कीव यायची. कुणी नावाच्या पट्ट्या काढायचा नाही, मी नखांनी खरवडत बसायची. मुंगीचा फ्लास्क आला की कळायचं. विसळलेला, पट्टी काढलेली, उलटा ठेवलेला. अंगानं एवढीशी, सदा काहीतरी दोन हातांत धरून पळत असायची, म्हणून सगळे मुंगी म्हणायचे. तिचा बाप शिंपी होता. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली.

आणि दुसरा होता दादा. तो सगळ्यांत जुना विद्यार्थी. सात वर्षं झाली तरी त्याचं पीएचडीचं पुस्तक लिहून होत नव्हतं. उंच, वाकलेला, पायात एक जुनी चप्पल. तिचा पट्टा तुटलेला, तो त्यानं तारेनं बांधला होता. ती तार फरशीला लागायची आणि चालताना टिक, टिक आवाज यायचा. आवाज आला की मी न बघता म्हणायची, "या, महाराज." तो म्हणायचा, "मावशी, कान शाबूत आहेत अजून."

दादानं एक जंतू शोधला होता. कापड रंगवायच्या कारखान्यामागे नाला असतो ना, त्या नाल्यातला चिखल त्यानं डबीत भरून आणला आणि त्यातनं तो जंतू वेगळा काढला. तो जंतू रंग खायचा. लालभडक पाण्यात सोडला की दोन दिवसांत पाणी असं स्वच्छ, की प्यावंसं वाटावं. मला त्यानं मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. मी म्हटलं, "माझ्या बेसिनला ठेव रे दोन-चार, माझं काम तरी हलकं होईल." तो हसला. मग म्हणाला, "मावशी, आमच्यासारख्यांना शिकून झालं की दोनच रस्ते सांगतात. मास्तर व्हा नाहीतर परदेशी जा. मी ह्याचा धंदा करणार. कारखान्यांचं पाणी धुऊन देणार."

"धुण्यात काही मिळत नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे बघ."

त्याच वर्षी तो चार दिवसांसाठी आईकडे गेला. जाताना थोडी कणकण होती. तिथं ताप चढला, डोक्यात गेला, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला.

सरांनी, म्हणजे त्या पोरांच्या गाईडनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं.  पण त्याचे सहा फ्लास्क हलवणाऱ्या यंत्रावर लावलेले होते, ते हलतच राहिले. बंद कुणी करायचं? एकेक जण जवळ जायचा, बटणापर्यंत हात न्यायचा आणि परत यायचा. नऊ दिवस ते यंत्र मेलेल्या माणसाचे फ्लास्क हलवत होतं. शेवटी मुंगीनं बंद केलं. सहाच्या सहा फ्लास्कांतलं पाणी स्वच्छ झालेलं.

त्याचा पांढरा कोट खुंटीवर तसाच राहिला. फ्रीजरमधल्या दुसऱ्या कप्प्यात त्याच्या अक्षराच्या नळ्या होत्या, त्याही राहिल्या. एका नव्या मुलानं विचारलं, "हा कप्पा मला मिळेल का?" सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं कानाला खडा लावून गेलं.

मुंगीचा स्वतःचा विषय तोवर फसला होता. सर म्हणाले, दादाचा जंतू तू पुढे ने. तिनं नेला, जीव ओतून नेला. तीन वर्षांत तिची पीएचडी झाली. पेढ्यांऐवजी तिनं मला हाताला लावायचं मलम आणून दिलं, माझे तळवे फाटलेले असायचे म्हणून.

मग पुढे काय, हा प्रश्न. एक दिवस मोठ्या हॉलमध्ये भाषण होतं, शिकून झाल्यावर काय काय करता येतं त्यावर. मी खुर्च्या पुसायला गेले होते, ते ऐकतच थांबले. बाई पडद्यावर दाखवत होत्या. तासावर शिकवणं, औषधाच्या कारखान्यात तपासणी, पेटंटच्या कचेरीतलं काम, परदेश, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचा उद्योग. शेवटचं आलं तेव्हा हॉलमध्ये जांभया देत नव्हती अशी एकटी मुंगी.

तिला तेव्हाच एका कॉलेजात कायमची नोकरी मिळत होती. बाप हरखला होता. तिनं नको म्हणून कळवलं. बाप कपडे शिवता शिवता सोडून संस्थेत आला, गळ्यात टेप तसाच. माझ्याच खोलीच्या दारात दोघांची जुंपली.

"नोकरी नाकारलीस?"

"बाबा, मी कंपनी काढतेय."

"अगं, साधा शिंपीसुद्धा आधी माप घेतो, मग कापड कापतो. तू माप कुणाचं घेतलंस?"

"दोन कारखानेवाले म्हणालेत, करून दाखव, मग बघू."

"मग बघू म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचे तीन कोट माझ्या दुकानात टांगलेत. ये बघायला."

मला हसू आलं, पण मुंगीचं तोंड बघून गिळलं.

संस्थेच्या आवारातच नवउद्योग केंद्र होतं. नवीन कंपनीवाल्यांना तिथं वर्षभर खोली मिळायची. वर्ष संपायच्या आत समिती येऊन बघणार, काम चालताना दिसलं तर पुढे, नाहीतर चावी परत. फॉर्म भरताना एक रकाना होता, शोध कुणाचा. मुंगी तिथं अडली. सर म्हणाले, "मेलेला माणूस सही करू शकत नाही. त्याच्या घरच्यांचे कागद, वारसाचे दाखले, फॉर्म वर्षभर अडकेल. काम तर तूच केलंयस ना?" खोटं काही नव्हतं त्यात. तिनं एकच नाव लिहिलं, स्वतःचं.

आणि नव्या खोलीत जंतू मरायला लागला.

खोली कशी, तर दवाखान्यासारखी पांढरी. फ्लास्क काचेचे नव्हतेच, पिशवी फोडून काढायचे, वापरायचे, फेकायचे, असे प्लास्टिकचे. पहिल्या खेपेला लाल पाणी लालच राहिलं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या, चौथ्या. मुंगी आमच्याकडे यायची, माझ्या धुतलेल्या फ्लास्कांत तोच जंतू लावायची, दोन दिवसांत पाणी स्वच्छ. तोच जंतू उचलून तिकडे न्यायची, की मेला. चार महिने हेच.

एकदा दुपारी ती माझ्या स्टुलावर येऊन बसली. डोळ्यांखाली काळं.

"मावशी, तिकडे तो येतो."

"कोण?"

"दादा. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली जातात ना, तेव्हा. बाहेर टिक टिक ऐकू येतं. माझ्या दारापर्यंत येतं आणि थांबतं. मी दार उघडते तर कुणी नसतं."

मी तिला म्हणायला हवं होतं, काहीतरीच काय. तू असतास तर तेच म्हणाला असतास. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "तू त्याचं नाव पुसलंस, बाई."

 तिला ते आधीपासूनच माहीत होतं. मी नुसता शिक्का मारला. अजून ते शब्द आठवले की जीभ चावावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी खुंटीवरचा कोट दिसेना. मी तिचा राहिलेला डबा द्यायच्या निमित्तानं तिच्या खोलीवर गेले. भर दुपार, ऊन खिडकीतनं आत आलेलं. कोट तिनं खुर्चीच्या पाठीला घातला होता. पंख्याचा वारा भरून बाह्या फुगत होत्या, खाली बसत होत्या. मुंगी प्रत्येक फ्लास्कात जंतू सोडायच्या आधी त्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणायची, "दादा, चुकलं." एवढी शिकलेली मुलगी. आणि खरं सांगते, तेव्हाच बाहेर कुठंतरी टिक झालं. पाइप असेल, खिडकीची कडी असेल. मी डबा ठेवला आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले.

"त्याच्या आईकडे जा," मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "पाय धर."

"कुठल्या तोंडानं जाऊ? आधी काम होऊ दे. काहीतरी घेऊन जाईन. रिकाम्या हातानं काय सांगू, तुमच्या मुलाचं घेतलं आणि तेही मारलं?"

समिती यायला नऊ दिवस राहिले होते. कॉलेजातली जागा तोवर दुसऱ्याला गेली होती.

पण मुंगी मुळात हुशार. घाबरलेली असली तरी शिक्षण कुठं जाणार? तिनं कागदाला मध्ये रेघ मारली, इकडे जुनी जागा, तिकडे नवी. जंतूच्या खाण्याची पावडर तीच. ऊब तीच. यंत्राचा वेग तोच. जंतू तोच. असं एकेक ताडत ताडत ती शेवटी माझ्या दारात आली, हातात पेन.

"मावशी, तुम्ही फ्लास्क कसे धुता?"

आता ऐक. डिस्टिलचं पाणी करायचं यंत्र आमच्याकडे एकच. थेंब थेंब पडायचं, दिवसाला एक पिंप. पोरांना प्रयोगाला तेच लागायचं. मी फ्लास्क धुवायला घेतलं की पिंप रिकामं, आणि मग मावशीच्या नावानं ओरडा. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एक दिवस डिस्टिलला फाटा दिला. लोखंडी टाकीचं कढत पाणी शेवटी फिरवलं आणि फ्लास्क वाळत घातले. गरम पाण्यानं वाळले पण लवकर. कुणाला काही कळलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटायचं, पाणी ते पाणी. जरा पिवळसर दिसायचं, गंजाचं, पण काच तर चकचकीत! सोळा वर्षं मी सगळ्यांच्या फ्लास्कांना टाकीचंच पाणी दिलं. आणि कुणी कागदाकडे बोट दाखवून विचारलं की घडाघडा म्हणायचं.

मुंगीलाही मी तेच म्हटलं. "साबण, तीनदा नळ, दोनदा डिस्टिल."

तिनं कागदावर बरोबरची खूण केली आणि गेली.

का खोटं बोललीस, असं विचारू नकोस. निवृत्तीला दोन वर्षं होती. तुझी आई तेव्हा बाळंतपणाला आली होती, तूच पोटात होतास. आणि मला कुठं ठाऊक होतं की पाण्यानं जंतू जगतो-मरतो? मला वाटलं, फक्त माझी चोरी पकडली जाईल.

पण त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, भर सकाळी, टाकीचा नळ सोडला आणि पाठीमागे टिक झालं.

मी वळले नाही. हातात फ्लास्क होता, तो भरून वाहायला लागला. आणि मला एक जुनी सकाळ आठवली. अशीच मी टाकीचं पाणी फिरवत होते आणि दादा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्यानं टाकीच्या नळाकडे बघितलं. माझ्या खोलीतल्या डिस्टिलच्या रिकाम्या पिंपाकडे बघितलं, त्याच्यावर धूळ बसलेली. मग माझ्याकडे.  तो म्हणाला, "मावशी, पाणी फार गरम आहे. हात भाजतील." दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे आणून दिले. मी सुटकेचा श्वास सोडला होता. म्हटलं, भोळा आहे, त्याला काय कळतंय.

भोळा! जंतूचे पाय मोजणारा माणूस, आणि त्याला माझं पाणी दिसलं नसेल?

मी फ्लास्क तसाच बेसिनमध्ये टाकला, फुटला तो, आणि ओल्या हातांनी नवउद्योग केंद्राकडे पळत सुटले. या वयात माणसं मला रस्ता देत होती.

मुंगी खुर्चीसमोर बसली होती. मी दारातूनच म्हटलं, "मुंगे, मी डिस्टिल वापरत नाही. कित्येक वर्षं वापरलं नाही. टाकीचं पाणी देते शेवटी."

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मला वाटलं ओरडेल. मला वाटलं मारेल. ती म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"सगळ्या फ्लास्कांना?"

"सगळ्या."

"मी यायच्या आधीपासून?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून."

ती उठली, माझा ओला हात धरला आणि मला ओढतच खाली आणलं. तिनं टाकीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. तिच्याच पांढऱ्या खोलीत, तिच्याच प्लास्टिकच्या फ्लास्कांत तीन रांगा लावल्या. एकीला डिस्टिल, एकीला साधा नळ, एकीला टाकीचं पाणी फिरवून वाळवलेलं. दोन दिवस मी घरी जेवले की नाही, देव जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर पहिली रांग लाल. दुसरी गुलाबी. तिसरी अशी स्वच्छ, की पलीकडची भिंत दिसावी.

"लोखंड," मुंगी म्हणाली. "गंजातलं लोखंड. आणखी काही असेल, शोधावं लागेल. नाल्यात त्याला ते मिळायचं. तुमच्या टाकीनं दिलं. मी त्याला उपाशी मारत होते, मावशी."

मी म्हटलं, "झालं तर मग! रडतेस काय?"

ती खरंच रडत होती. खुर्चीवरच्या कोटाकडे बघून. म्हणाली, "म्हणजे तो रागावला नव्हता."

"नव्हता ना. बरंच झालं की."

"म्हणजे तो इथं नव्हताच. चार महिने मी कुणाशी बोलत होते?"

 भीती गेली ते चांगलं झालं असं मला वाटलं होतं. पण त्या पोरीला भीतीची सोबत झाली होती. रागावलेला का होईना, दादा होता. आता खोलीत नुसतं पाणी आणि गंज. दादानं मला बघितलं होतं, हातमोजे दिले होते, हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. एका दिवशी एकच चोरी कबूल करायची ताकद असते माणसात.

सरांना तिनं सगळं सांगितलं, सांगणं भागच होतं. सरांनी मला बोलावलं, दार लावलं.

"मावशी, सोळा वर्षांत एकदा तरी सांगायचंत."

"सर, सोळा वर्षांत एकदा तरी बघायला यायचंत."

 मला काढलं नाही. भिंतीवर नवीन कागद आला, तो मुंगीनं स्वतः मला तीनदा वाचून दाखवला.

समिती आली. दोन पुरुष आणि एक चष्मेवाल्या बाई. मी चहा न्यायच्या मिषानं आत होते. लाल पाणी, स्वच्छ पाणी, सगळं बघून खूश झाले. बाई म्हणाल्या, "चार महिने का अडलं होतं?" मुंगीनं खरं ते सांगितलं. आणि मग, काही गरज नसताना, म्हणाली, "फॉर्ममध्ये एक नाव राहिलंय. ते घालायचंय."

बाईंनी चष्मा काढला. "आत्ता? वारसांची सही लागेल. फाइल मागे जाईल. कारखानेवाले तेवढे दिवस थांबतील याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही," मुंगी म्हणाली.

"मग?"

"नाव घालायचंय."

कंपनीचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. दोनातला एक कारखानेवाला थांबला नाही. दुसरा थांबला. आज तिच्याकडे नऊ माणसं कामाला आहेत आणि त्यातली तीन पीएचडी झालेली, ज्यांना कुणी मास्तरकी देत नव्हतं. फार मोठी नाही कंपनी. चालते.

पण मला सांगायचं ते त्या सहीचं.

मुंगी म्हणाली, मावशी, एकटीला नाही जमणार. मग आम्ही दोघी गेलो, पाच तास गाडीनं. दादाची आई माझ्याच वयाची. दोन खोल्या, झाडलेल्या, खिडकीत कपडे वाळत घातलेले. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मुंगीनं कागद पुढे केले, तोंडानं सगळं सांगितलं, त्याचं नाव आपण खाल्लं होतं हे पण तिनं सांगितलं. त्या माउलीनं शांत ऐकलं. सही येत होती तिला, सावकाश एकेक अक्षर काढून तिनं चार ठिकाणी सही केली. मग म्हणाली, "थांबा. त्याची पिशवी आहे. शेवटी आला तेव्हाची. मी उघडली नाही कधी. तुमच्या कामाचं काही असेल तर बघा."

पिशवीत दोन सदरे होते, एक पुस्तक, आणि टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बाटली, प्रयोगशाळेतली, घट्ट बूच लावलेली. आत पाणी. वरचं निवळलेलं आणि तळाशी बोटभर तांबूस गाळ. बाटलीला पट्टी चिकटवलेली. अक्षर मी ओळखलं. वाचता येत नसलं तरी सात वर्षं पट्ट्या खरवडल्यात मी त्याच्या.

"काय लिहिलंय?" मी विचारलं. मला माहीत होतं काय लिहिलं असणार.

मुंगीनं पट्टीवरून बोट फिरवलं. "तारीख आहे. आणि एकच शब्द. टाकी."

त्याची आई म्हणाली, "मला वाटलं औषध आहे कसलं."

मुंगी माझ्याकडे वळली. "त्याला कळलं होतं. मावशी, त्याला कळलं होतं! सात वर्षांच्या वह्या मी पाठ केल्यात त्याच्या. शिंक आली तरी लिहायचा. हे एका ओळीत लिहिलेलं नाही. बाहेर कुठंतरी तपासून घ्यायला बाटली चोरून घेऊन निघाला होता. का? वहीत का नाही लिहिलं? लिहिलं असतं तर मी..."  त्या पोरीला दादाचा राग आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

खोलीत आम्ही तिघी. उत्तर माझ्याकडेच होतं.

"वही सर बघायचे," मी म्हटलं. "वहीत आलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यानं मला टाकीचं पाणी वापरताना बघितलं होतं. मला हातमोजे आणून दिले आणि गप्प बसला."

त्याच्या आईकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तिचा मुलगा सात वर्षं पुस्तक का संपवत नव्हता, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. खरं लिहावं तर मी जाणार, खोटं त्याच्यानं लिहवेना. माझ्यापायी तो अडकून बसला होता, आणि मी रोज म्हणायची, या महाराज.

ती म्हणाली, "तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी. तिला आता मूल व्हायचंय."

"नोकरीवर घर चालायचं तुमचं?"

"हो."

"मग त्यानं बरोबर केलं," ती म्हणाली. पण हे माझ्याकडे बघून म्हणाली नाही. बाटलीकडे बघून म्हणाली, आणि प्रश्न विचारावा तसं म्हणाली.

मुंगीनं बाटली उचलली. "आई, ही मी नेऊ? तारीख आहे हिच्यावर. त्याला आधी कळलं होतं याचा हा पुरावा आहे."

बाटली हलली तसा गाळ वर उठला आणि सगळं पाणी पिवळं झालं.

"नाव घातलंस ना त्याचं?"

"घातलं."

"मग पाणी राहू दे माझ्याकडे."

मुंगीनं बाटली परत दिली. आम्ही चपला घातल्या. दारातून मी एकदा वळून बघितलं. ती खिडकीपाशी बसली होती, बाटली दोन्ही हातांनी उजेडात धरून, गाळ खाली बसायची वाट बघत.